नव्या शहरात मंडळी जोडताना: बदलीपत्रापासून घरसभेपर्यंत

आम्ही मूळचे राहुरीकडचे. घरात तिसरी पिढी ख्रिस्ती. गावच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, नवीन बाई आली की ती कुणाची सून, कुठल्या गावची लेक, तिचे वडील कुठल्या मिशन शाळेत मास्तर होते, हे उपासना सुटायच्या आत सगळ्या बाकांना कळलेलं असायचं. त्यामुळे सहभागिता, म्हणजे मंडळीतलं एकमेकांशी जोडलेपण, ही कष्टाने उभी करायची गोष्ट आहे हे मला चाळिशीपर्यंत माहीतच नव्हतं. मग मिस्टरांना भोसरीत नोकरी लागली, आम्ही पिंपरी-चिंचवडला आलो, आणि पहिले आठ महिने मी दर रविवारी उपासनेला जाऊन कुणाशी अक्षरही न बोलता घरी आले. रिक्षात बसलं की मुलगी विचारायची, "मम्मी, इथे आपल्याला कुणीच ओळखत नाही का?"

त्याच आठ महिन्यांत घरातल्या बारीकसारीक कटकटी फुगत गेल्या. वरच्या मजल्यावरची ठोकाठोक, टँकरचे जादा पैसे, मुलाचं गणित, सासूबाईंचा गुडघा, सगळं एकाच मापाचं दिसायला लागलं, आणि ते माप डोंगराएवढं होतं. गावी हे सगळं ओट्यावर, उपासनेच्या वाटेवर बोलून व्हायचं, म्हणून ते कधी साठलं नव्हतं. मंडळी आणि कटकटी हे दोन विषय मी एका लेखात घेतलेत ते यामुळे.

खालच्या पायऱ्या प्रोटेस्टंट मराठी मंडळ्यांना धरून लिहिल्या आहेत, कारण मला त्याच माहीत आहेत. कॅथलिक असाल तर तुमचा धर्मग्राम, म्हणजे पॅरिश, बहुधा पत्त्यावरूनच ठरतो. तुम्ही थेट दुसऱ्या पायरीपासून वाचा.

१. तीन रविवार नुसतं बसा

शहरात नुसत्या पाटीवरून काही कळत नाही. एकाच इमारतीत सकाळी इंग्रजी, मग मराठी आणि संध्याकाळी तमिळ उपासना असू शकते. आधी फोन करून मराठी उपासनेची वेळ विचारा. आम्ही न विचारता गेलो आणि पोचलो तेव्हा पाळकसाहेब शेवटचा आशीर्वाद देत होते.

गावी आपण नेमके कुठल्या मंडळीचे होतो ते घरच्या मोठ्यांना विचारून घ्या. पुष्कळांना "आम्ही मिशनचे" एवढंच सांगता येतं. नगरकडच्यांचं हे साहजिक आहे, अमेरिकन मराठी मिशनचं काम तिथे १८३१ पासूनचं. तिथल्या बऱ्याच मंडळ्या पुढे १९७० साली नागपूरला स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात, म्हणजे सीएनआयमध्ये आल्या. मेथडिस्ट वेगळे, मुक्तिफौज (साल्वेशन आर्मी) वेगळी, आणि गेल्या काही दशकांतल्या स्वतंत्र फेलोशिप, म्हणजे जुन्या पंथांशी न जोडलेल्या मंडळ्या, आणखी वेगळ्या. हे का विचारायचं? त्याच पंथाच्या मंडळीत बदलीपत्र, म्हणजे हे आमचे सभासद होते असं जुन्या मंडळीचं पत्र, दिलं की काम होतं. काही फेलोशिपमध्ये मात्र लहानपणचा बाप्तिस्मा मानत नाहीत, पाण्यात बुडवून पुन्हा घ्यायला सांगतात. ते तुम्हाला पटतं का, हे सहा महिने तिथे रमल्यावर ठरवण्यापेक्षा आधीच विचारलेलं बरं.

या तीन रविवारांत संदेश कसा आहे याकडे लक्ष द्याच. पण मी सांगेन, उपासना सुटल्यावर काय होतं ते जास्त बघा. माणसं थांबतात की गाड्यांकडे पळतात? म्हाताऱ्या माणसाला पायरी उतरवायला कुणी हात देतं का? दानाचा हिशेब कधीतरी वाचून दाखवतात का?

अंतराचं गणित वेगळंच आहे. रविवारी आपण दोन बस बदलूनही जातो. आठवड्यातल्या घरसभेला, म्हणजे कुणाच्या तरी घरी जमून होणाऱ्या प्रार्थनेला, मात्र संध्याकाळी कुकर लावून, मुलांना घेऊन जायचं असतं. म्हणून चर्च किती लांब यापेक्षा तिथले सभासद तुमच्या भागात किती राहतात हे विचारा. पहिल्या खेपेला मी हेच विचारलं नाही. गाणी आवडली म्हणून चौदा किलोमीटरवरच्या मंडळीत गेले, आणि आठ महिने एकटी बसले त्याचं निम्मं कारण ते होतं.

आपलं उपासना संगीत बरोबर न्या, पण चाल तीच असेल असं समजू नका. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची गीतं बहुतेक मराठी मंडळ्यांत गातात. आमच्याकडे ती भजनाच्या अंगाने, ढोलकीवर. इथे त्यातलंच एक कीबोर्डवर इतक्या सावकाश चाललं होतं की मी दुसरं कडवं संपवलं तेव्हा बाकी सगळे पहिल्याच्या शेवटी होते. समोरच्या बाकावरच्या दोन पोरी हसल्या. राग आला होता. आता त्यातलीच एक माझ्या मुलाला गणित शिकवते.

२. कागद एकाच फायलीत लावा

सभासदत्व नोंदवायला साधारण हे लागतं:

- आधीच्या मंडळीचं बदलीपत्र, पाळकांच्या सहीशिक्क्यासह
- नवराबायको दोघांचा बाप्तिस्म्याचा दाखला
- दृढीकरण (कन्फर्मेशन) झालं असेल तर त्याचा दाखला
- चर्चमधला लग्नाचा दाखला
- मुलांच्या बाप्तिस्म्याचे दाखले
- पत्त्याचा पुरावा आणि फोटो

यात अडकतं ते बदलीपत्र. गावची वर्गणी थकली असेल तर ते मिळत नाही, निदान हसतमुखाने मिळत नाही. आमची चौदा महिन्यांची राहिली होती. फोनवर हुज्जत घालण्यात मी तीन आठवडे घालवले आणि शेवटी दीर एका दुपारी जाऊन पैसे भरून पत्र घेऊन आला. थेट हेच करा.

दुसरी अडचण नावांची. बाप्तिस्म्याच्या वहीत घरचं नाव, शाळेच्या दाखल्यावर वेगळं, आधारवर तिसऱ्याच शुद्धलेखनात. गावचे पाळक ओळखीचे असेपर्यंत बदलीपत्रावर दोन्ही नावं "उर्फ" लावून लिहून घ्या. पाळकांच्या बदल्या होतात, मग जुनी वही उघडून बघायला कुणी बसत नाही.

"नुसतं जाऊन बसलं तर चालत नाही का, सभासदत्व कशाला?" असं मीही म्हणाले होते. चालतं की. पण मुलीच्या लग्नाच्या वेळी मंडळीत तीन रविवार नावं वाचायची असतात, आणि घरात कुणी गेलं तर दफनभूमीत जागा मागायची वेळ येते. त्या दिवशी वर्गणीची पावती शोधत बसायची पाळी कुणावर येऊ नये.

३. उपासनेनंतरची वीस मिनिटं

नवव्या महिन्यात आम्ही घराजवळच्या मंडळीत गेलो. पहिल्याच रविवारी पाऊस होता, रिक्षा मिळेना, म्हणून मी आत थांबले. समोर एक आजोबा एकटेच प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक लावत होते. हात रिकामे होते म्हणून मीही लावायला लागले. माझी थप्पी उंच झाली तसे ते म्हणाले, "बाई, दहाच्या वर लावू नका. खालची तडकते."

नऊ महिन्यांत चर्चमध्ये कुणी माझ्याशी आपणहून बोललेलं हे पहिलं वाक्य. मग मी कुठली, ते कुठले, हे ओघाने आलं. ते एसटीत कंडक्टर होते, नगर-श्रीरामपूर रस्त्यावर त्यांनी उमेदीची वर्षं काढली होती, आणि माझ्या माहेरच्या फाट्यावर एसटी कुठल्या झाडाखाली थांबते हे त्यांना माझ्यापेक्षा नीट आठवत होतं.

तेव्हा नव्याने आलेल्यांनो, ओळख करून द्यायला उभे राहा म्हटल्यावर उभं राहून नाव सांगण्याने ओळख होत नाही. टाळ्या होतात. ओळख होते ती खुर्च्या, चहाचे कप, सतरंज्या आणि संडे स्कूलच्या खडूंच्या डब्यापाशी. एक काम धरा आणि निदान दोन महिने तेच करा. काम मात्र असं निवडा की ज्यावर आधीच कुणाची मालकी नाही. वेदीवरची फुलं, वाद्यं आणि स्वयंपाकघरातलं मोठं पातेलं या तीन गोष्टींना पहिल्या वर्षी हात लावू नये.

हाक काय मारायची, तेही ऐकून ठरवा. स्वतंत्र फेलोशिपमध्ये ब्रदर-सिस्टर चालतं. जुन्या मंडळ्यांत मामा, मावशी, गुरुजी, बाई. आमच्याकडची म्हातारी माणसं अजून दोन्ही हातांत हात घेऊन "सलाम" म्हणतात, इथे "जय ख्रिस्त" किंवा "प्रेज द लॉर्ड". समोरचा जे म्हणेल तेच उलट म्हणायचं.

४. घरसभेला जा

सगळं खरं इथे घडतं. रविवारी शंभर-दीडशे माणसांत तुम्ही एक डोकं असता. घरसभेत, म्हणजे काहीजण कॉटेज प्रेअर म्हणतात त्यात, दहा-बारा माणसं सतरंजीवर बसलेली असतात आणि न येणाऱ्याची जागा रिकामी दिसते. बायबलमध्ये प्रेषितांच्या कृत्यांत दुसऱ्या अध्यायात पहिल्या मंडळीचं वर्णन आहे. ते लोक मंदिरातही जात आणि घरोघरी भाकरही मोडत. आपण त्यातलं मंदिर तेवढं उचललं आणि घर राहून गेलं, असं मला कधीकधी वाटतं.

साधारण क्रम असा असतो: दोन-तीन गीतं, एक शास्त्रपाठ, दहा मिनिटं बोलणं, मग विनंत्या, मग प्रार्थना. तास-सव्वातास. पहिल्या दोन खेपांना गप्प बसलात तरी कुणी काही म्हणत नाही. मोठ्याने प्रार्थना करायला सांगितलं आणि जमत नसेल तर "पुढच्या वेळी" म्हणा. तरुणपणी मला एकदा बळेच उभं केलं होतं, तेव्हा मी प्रभूची प्रार्थना म्हणून टाकली आणि तीही मधेच विसरले.

घरात लहान मूल असलं की आपण जात नाही, ते रडेल म्हणून. न्या. एका घरसभेत माझ्या भाचीने शास्त्रपाठ चालू असताना खंजिरी ओढून घेतली आणि पुढची दहा मिनिटं तिच्याच तालावर गेली. पाळकसाहेबांनी वाचन थांबवलं नाही, फक्त आवाज चढवला.

५. मग घरसभा आपल्या घरी घ्या

तीन-चार घरसभांना गेलात की तुमची पाळी येते. यासाठी काय लागतं? एक मोठी सतरंजी किंवा दोन चादरी, दोन जादा गीतपुस्तकं, म्हाताऱ्यांसाठी दोन खुर्च्या, आणि चहा. हॉल लहान आहे म्हणून टाळू नका. आमचा वन रूम किचन होता, तरुण पोरं दारात चपलांपाशी बसायची.

खाण्याबद्दल आमच्या गटाचा एक नियम आहे आणि तो तुम्हीही करा: चहा आणि बिस्किटं, बस्स. आधी तसा नियम नव्हता. एका घरी समोसे झाले, पुढच्या घरी समोसे आणि गुलाबजाम, त्याच्या पुढच्या घरी पावभाजी. मग ज्यांना परवडत नव्हतं त्यांनी पाळी घेणं थांबवलं, आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. कंडक्टर मामांनीच ते हेरलं आणि बैठकीत उभं राहून सांगितलं, "पुढच्या मंगळवारी माझ्याकडे. पार्ले मिळेल."

सोसायटीत राहत असाल तर शेजाऱ्यांना आणि सेक्रेटरींना आदल्या दिवशी सांगा: इतकी माणसं येणार, नऊच्या आत संपणार, स्पीकर नाही. दिवस असे आहेत की न सांगता दहा-पंधरा माणसं जमली आणि गाणी सुरू झाली की नसते संशय येतात. सांगितलं की बहुतेक लोक "बरं" म्हणतात. आमच्या समोरच्या काकू तर स्वतः येऊन बसल्या, त्यांना भजनाची चाल आवडली. टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्याला "देवाचा दरबार" काढला होता, त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांनाही जागा होती. काकूंना मी तेवढंच सांगितलं आणि चहा दिला. शेजारी आला की त्याला उपदेश करायची घाई करू नका. तो पाहुणा आहे.

६. ओझं वेगळं, भार वेगळा

आता कटकटींकडे येते.

गलतीकरांस पत्रात सहाव्या अध्यायात पौल दुसऱ्या वचनात म्हणतो की एकमेकांची ओझी वाहा. तीनच वचनं पुढे, पाचव्यात, म्हणतो की ज्याने त्याने आपापला भार वाहावा. मला हे कायम उलटसुलट वाटायचं. बायबल अभ्यासात पाळकसाहेबांनी उलगडा केला: मूळ ग्रीकमध्ये हे दोन वेगळे शब्द आहेत. पहिला म्हणजे माणसाला दाबून टाकणारं वजन, दुसरा म्हणजे ज्याने त्याने आपल्या पाठीवर न्यायचं गाठोडं.

त्या दिवसापासून मी एक वही केली. मुलाची जुनी चारेघी, उरलेली पानं. अडचण आली की तारीख घालून एका ओळीत लिहायची आणि पुढे ठरवायचं, ओझं की भार. ठरवताना दोनच गोष्टी विचारायच्या: हे मला एकटीला उचलतं का, आणि आज यात करण्याजोगं काही आहे का. जूनमधलं एक पान जसंच्या तसं देते:

"१२ जून. वरची ठोकाठोक. भार. वर जाऊन बोलायचं.
१४ जून. टँकरचे माणशी जादा पैसे. भार. सगळेच भरतायत.
१९ जून. आईंचा गुडघा. डॉक्टर म्हणतात आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपी. मिस्टरांची शिफ्ट. ओझं."

ठोकाठोकीसाठी वर गेले तर दार उघडणाऱ्या बाईने आधी माफीच मागितली. फर्निचरचं काम होतं, चार दिवसांत संपणार होतं. महिनाभर मी खाली बसून जळत होते आणि जिना चढायला मला चाळीस सेकंद लागले.

गुडघ्याचं मात्र खरंच एकटीला जमत नव्हतं. मंगळवारी घरसभेत सांगितलं. मला वाटलं होतं प्रार्थना होईल. ती झाली, आणि "आमेन" म्हटल्या-म्हटल्या मामांनी खिशातून डायरी काढली. "सोमवार माझा. बुधवार कोण घेतंय?" सात आठवडे आई रिक्षातून तीन वेगवेगळ्या माणसांबरोबर फिजिओथेरपीला गेल्या. त्यांना मामांचा सोमवार सगळ्यात आवडायचा, कारण ते रिक्षावाल्याशी भाड्यावरून एसटीच्या सुरात बोलायचे.

वही ठेवताना दोन चुका होतात. एक म्हणजे सगळंच ओझं म्हणून लिहिणं. मग दर मंगळवारी तुमचीच यादी लांब होते आणि लोक तुमच्या पाळीला घड्याळ बघतात. मत्तयाच्या सहाव्या अध्यायाच्या शेवटी उद्याची चिंता उद्यावर सोडायला सांगितलंय. मी त्याचा घरगुती अर्थ असा केलाय की उद्याची अडचण आज वहीत घ्यायची नाही.

दुसरी चूक याच्या उलट, आणि ती मी केली. आमच्या गटात एक ताई आहेत, त्यांच्या मिस्टरांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं. त्या शेजारी बसल्या की मला मुलाच्या गणिताचं बोलायची लाज वाटायला लागली. तीन मंगळवार मी "सगळं छान" म्हणत राहिले. चौथ्या मंगळवारी चपला घालताना त्यांनी मला धरलं. "अगं, माझ्याकडे बघून तू तुझं गिळत बसू नकोस. सगळे माझ्याशी खालच्या आवाजात बोलतात, कंटाळा आलाय मला. गणिताचं काय झालं ते सांग, तेवढाच विषय बदलतो." त्यांनीच मग त्या हसणाऱ्या पोरीचं नाव सुचवलं. ती त्यांची भाची निघाली, सुट्टीत लांबच्या त्या चर्चमध्ये आत्याच्या मैत्रिणीबरोबर जायची.

काही गोष्टी मात्र या वहीत लिहायच्याच नाहीत. घरात मारहाण होत असेल, सावकार दारात येत असेल, कित्येक रात्री झोप नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर ही मापात बघायची अडचण राहिलेली नाही. त्याच दिवशी विश्वासातल्या माणसाला सांगा. तातडीला ११२, महिलांसाठी १८१, मनाच्या दुखण्यासाठी टेलिमानस १४४१६, तिथे मराठीतही बोलता येतं. आणि मंडळीत कुणी "प्रार्थना केली आहे, आता गोळ्या बंद करा" असं म्हणालं तर त्या माणसाचं त्यापुढे काही ऐकू नका. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता.

७. विनंती सांगताना

आपली विनंती आपण सांगायची. दुसऱ्याची सांगायची असेल तर त्याला विचारून. "अमक्यांच्या मुलीसाठी प्रार्थना करा, फार वाईट संगतीला लागली आहे" ही चहाडी झाली, तिला शेवटी आमेन लावलं तरी. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर तर आजाराचं नाव, हॉस्पिटलचा वॉर्ड, रिपोर्टचा फोटो काही टाकू नका. "घरी आजारपण आहे, आठवण ठेवा" एवढं पुरतं.

आणि विनंती पूर्ण झाली की येऊन सांगा. बहुतेक जण हे विसरतात. नोकरी लागेपर्यंत सहा मंगळवार येतात, लागल्यावर दिसत नाहीत. ज्यांनी सहा मंगळवार तुमचं नाव घेतलं त्यांना पेढा नको, पण बातमी हवी.

८. बिनसलं तर, आणि पैशाचं

बिनसणार आहेच. कमिटीची निवडणूक, नाताळच्या नाटकात मरिया कोण, माईक कुणाकडे. यासाठी मत्तयाच्या अठराव्या अध्यायात सरळ क्रम दिला आहे: आधी दोघांनीच बोला, नाही जमलं तर एक-दोघांना बरोबर न्या, तरी नाही तर मंडळीपुढे मांडा. आपल्याकडे हाच क्रम उलटा चालतो. आधी सगळ्या मंडळीला कळतं आणि ज्याच्याशी भांडण आहे त्याला सगळ्यात शेवटी. नव्या माणसाने पहिलं वर्ष कुठल्याही गटाची सही करू नये. दोन्ही बाजू चहाला बोलावतील, दोन्हीकडे चहा प्या.

पैशाबद्दल थोडक्यात. वर्गणी, दशमांश म्हणजे कमाईचा दहावा भाग, उपकारस्तुतीचं दान, जे द्याल त्याची पावती घ्या, ती मागण्यात अविश्वास काही नाही. सभासदांत हातउसने मोठे देऊ-घेऊ नका, पैसे आणि मंगळवार दोन्ही जातात. आणि घरसभेत नवीन माणूस तिसऱ्याच खेपेला विम्याची किंवा साखळी योजनेची पत्रकं काढायला लागला तर गटाच्या प्रमुखाला लगेच सांगा. आमच्याकडे एकाने अशीच बारा घरं गाठली होती.

९. कापणीच्या सणापर्यंत थांबा

वर्ष पुरं होईपर्यंत मंडळी आपली झाली की नाही हे ठरवू नका. वर्षाचं एक चक्र असतं आणि प्रत्येक ठिकाणी नव्या माणसाला आत यायला दार आहे. लेंटमधल्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या, घरसभा रोज किंवा आठवड्यातून दोनदा असतात, तेव्हा घरं कमी पडतात, आपलं द्या. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात, ती उपासना तीन तासांची असते, पाण्याची बाटली न्या. ईस्टरला पहाटे. डिसेंबरात करोलला, म्हणजे नाताळची गीतं गात, रात्री घरोघर फिरतात. त्या टोळीत एकदा गेलात की सगळ्यांचे पत्ते, कुत्री आणि जिने पाठ होतात. करोल आपल्या घरी यावी असं वाटत असेल तर नाव वेळेत द्या, आणि बाहेर नाताळचा तारा लावा, रात्री अकराला घर सापडत नाही.

मला सगळ्यात आवडतो कापणीचा सण. तारीख मंडळीप्रमाणे बदलते. ज्याने जे पिकवलं, केलं, ते वेदीपुढे आणून ठेवायचं आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव. गावी पोती, कोंबड्या, एकदा तर बोकड. शहरात कुंडीतली मिरची, घरचं लोणचं, विणलेला स्वेटर. घेतलेली वस्तू पुष्कळदा परत लिलावाला देतात, म्हणून एकच नारळ चार वेळा विकला जातो. पाहुण्यासारखं मागे उभं राहू नका, शंभर रुपयांची तरी बोली लावा. पैसे बरोबर सुटे न्या.

आमच्या पहिल्या कापणीच्या सणाला मी बाल्कनीतल्या वेलाचा दुधी नेला. एकच आला होता, जरा वाकडा. डायलिसिसवाल्या ताईंनी तो दोनशेला घेतला आणि परत दिला. त्या गणितवाल्या पोरीच्या वडिलांनी तीनशेला घेतला आणि परत दिला. शेवटी मामा साडेतीनशेवर उभे राहिले आणि समोरून कुणी वाढवेना.

मंगळवारी घरसभा त्यांच्याकडे होती. चहाबरोबर पार्लेच्या पुड्या फोडलेल्या होत्या, आणि शेजारी झाकणाच्या पातेल्यात दुधीची भाजी. "नियम आहे ना मामा," मी म्हटलं.

"आहे की," ते म्हणाले, "भाजी बिस्किटाबरोबर खा."